रुमालाखालचा बैल

खोली भाड्याने देण्याआधी डॉक्टरसाहेबांनी मला अंगणात चालून दाखवायला सांगितलं. मी लातूरहून नांदेडला नवाच आलो होतो. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली होती आणि हातात पिशवी घेऊन भर उन्हात खोली शोधत हिंडत होतो.

"पिशवी ठेवा खाली," ते म्हणाले. "त्या लिंबापर्यंत जा आन् परत या. घाई न्हाई."

मी कडुनिंबापर्यंत गेलो आणि परत आलो. ते ओट्यावर बसून माझ्या पायांकडे बघत होते.

"उजवा खांदा पाडून चालता. पुस्तकं उचलून झालं असंल. बाकी जनावर गरीब हाय, जिना चढंल." मग आत तोंड करून ओरडले, "ओ, वरची खोली दिली हो!"

मला राग यायला हवा होता. पण ज्यांनी सगळी नोकरी ढोरांच्या दवाखान्यात काढली, त्यांच्या तोंडी 'जनावर' ही शिवी नाही, हे कसं कोण जाणे, तेव्हाच कळलं. ते जाऊन आता एक पावसाळा उलटला. जिना उतरताना माझ्या चालण्याकडे कुणी बघत नाही, याची अजून सवय झालेली नाही.

मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. मी 'लायब्ररी' होतो. "ओ लायब्ररी, खाली या, चहा झाला." त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचो, त्या मला भाऊ म्हणत. त्या चाकूरकडच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. वर्गात त्या शुद्ध बोलत असणार, घरी कधी बोलल्या नाहीत.

डॉक्टरसाहेबांना माणसांचे आजार माणसांचे म्हणून दिसतच नसत. गल्लीतल्या एका पुढाऱ्याला त्यांनी पोटफुगी ठरवून टाकली होती. टीव्हीवर कुणी फार आरडाओरडा करू लागला की ते हळहळत, "वेळेवर वेसण न्हाई घातली ह्याला." मला एकदा ताप आला तेव्हा त्यांनी आधी वजन विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे एक मध्यम वासरू," ते म्हणाले आणि उठून कपाट उघडायला लागले.

काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. "भाऊ, तुम्ही माणसाच्या डॉक्टरकडं जा बरं. ह्यांची सुई बघितली का? म्हशीला टोचायची हाय ती."

"औषध तेच असतंय," डॉक्टरसाहेब म्हणाले. "सुई तेवढी बारीक लावू."

मी रिक्षा करून माणसाच्या डॉक्टरकडे गेलो. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "रवंथ सुरू झाला का?"

ते मूळचे भोकरकडचे. घराण्याबद्दल फार बोलत नसत. एकदा मात्र ओट्यावर शेंगा फोडता फोडता सहज बोलून गेले. "गावातल्या बड्या शेतकऱ्याचा बैल मेला की माझ्या आजाला बोलावणं यायचं, ओढून न्यायला. छप्पन साली बुद्ध झाल्यावर आजानं ते काम सोडलं. बाप शिकला थोडा. मी जास्त शिकलो. मंग त्याच वाड्यांवर मला बोलावणं यायला लागलं, बैल आजारी पडल्यावर. खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे. म्हणजे आजानं मेलेला बैल बघितला, मी आजारी बघितला. धडधाकट बैल आमच्या दारात काही उभा राहिला न्हाई." त्यांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला. "एक असावा म्हणतो मी. आपल्या मालकीचा."

निवृत्तीनंतर त्यांनी ही गोष्ट काकूंपुढे मांडून बघितली होती. घरामागे बोअरजवळ जागा होती. एक लाल कंधारी जातीचा गोऱ्हा, कामाला घालायचा नाही, नुसता बांधायचा. काकूंनी पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं आणि लाटणं खाली ठेवलं.

"त्या वासातून बाहेर यायला दोन पिढ्या गेल्या. माझी सासू मरेपर्यंत हात धूत होती. आता तुम्ही साहेब झालात, घर बांधलं, फरशी घातली. आन् त्या फरशीवरून परत शेण काढू का मी?"

विषय तिथे संपला. "तिचा मुद्दा बिनतोड हाय," डॉक्टरसाहेबांनी मला सांगितलं. "मी काय बोलणार? पण मुद्दा बिनतोड असला म्हणून मन ऐकतंय का?"

त्यांचा जावई हैदराबादला कॉम्प्युटरवर काम करायचा. सासऱ्यांचा वेळ जावा म्हणून त्याने एका वाढदिवसाला त्यांच्या फोनमध्ये एक वॉलेट, म्हणजे ऑनलाइन पैशांचं पाकीट, काढून दिलं, त्यात थोडे पैसे टाकले आणि चित्रांच्या एका बाजारात त्यांना सोडून दिलं. त्या बाजारात चित्राची मालकी विकतात. चित्र कुणीही बघावं, पण मालक एकच. मालकाचं नाव नसतं, गाव नसतं. शून्याने सुरू होणारी अक्षरं-आकड्यांची एक लांबच लांब ओळ असते, तोच मालक. एका वॉलेटवाल्याला दुसऱ्या वॉलेटवाल्याशी खाजगीत बोलायचं असेल तर मेसेजची सोय असते. मला हे सगळं त्यांनीच समजावून सांगितलं, आणि ग्रंथालयातल्या एकाही पुस्तकातून मला ते इतक्या लवकर समजलं नसतं.

"नोंदणी कार्यालय समजा," ते म्हणाले. "फक्त कारकून न्हाई."

सुरुवातीला त्यांना तो बाजार पटला नाही. चष्मा घातलेली माकडं, सिगारेट ओढणारी मांजरं. "सगळी रोगट," असा शेरा मारून त्यांनी फोन बाजूला ठेवला होता. आणि एक दिवस जिन्याखालून हाक आली. हाक नेहमीसारखी नव्हती, दबकी होती.

"लायब्ररी. खाली या. काकू बाजारात गेल्यात."

फोनवर एक बैल होता. लाल, बांधीव, मान किंचित वळवून बघणारा. मला चित्रकलेतलं फार कळत नाही, पण ज्याने कुणी तो काढला त्याने बैल नीट बघितला होता.

"वशिंड बघा," डॉक्टरसाहेब कुजबुजले. "गळ्याची पोळी बघा. डोळ्याभोवती काळी कड हाय. हा लाल कंधारीच."

"चित्र काढणारा कुठला कोण असेल, डॉक्टरसाहेब. त्याला कंधार माहीत तरी असेल का?"

"त्याला माहीत नसंल. बैलाला माहीत हाय."

हाच बैल घ्यायचा, हे त्यांचं तिथल्या तिथे ठरलं. वास नाही, शेण नाही, काकूंना सांगायची गरज नाही. चित्राखाली किंमत सुचवायचं एक बटण होतं. मी म्हटलं, दाबा. त्यांनी फोन छातीशी धरला.

"हे दाबलं की माझा भाव सगळ्या जगाला दिसणार?"

"हो. तिथं लिहिलंय तसं."

"चारचौघांत भाव बोलायचा? बैलाचा?" त्यांना खरंच लाज वाटली होती. "मालकाच्या इज्जतीचं काय? बैलाच्या इज्जतीचं काय?"

उदगीरजवळच्या हाळीच्या बाजारात त्यांनी ड्युटी केली होती. तिथे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती गर्दी असते, पण आकडा त्या दोन हातांपलीकडे कुणाला कळत नाही. सौदा मोडला तरी कुणाचा पाणउतारा होत नाही. डॉक्टरसाहेबांच्या मते माणसाने लावलेल्या शोधांत याच्या तोडीचा दुसरा शोध नव्हता. बटणाखाली मेसेजची खिडकी आहे हे मी दाखवल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"हे बघा. हा त्यांनी रुमाल ठेवलाच हाय की. आपण बिनकामी शिव्या देऊन राहिलो."

आणि ते आत जाऊन डोक्याला बांधायचा पांढरा रुमाल घेऊन आले. तेव्हापासून त्या बाजारातला प्रत्येक मेसेज त्यांनी रुमालाखालीच लिहिला. ओट्यावर बसायचे, मांडीवर फोन, फोनवर रुमाल, रुमालाखाली दोन्ही हात, आणि मान वाकवून एका कडेतून आत बघायचे. बोटांनी भाव सांगायचा म्हणून त्यांनी फोनमधली हातांची चित्रंही धुंडाळली. एक होतं, दोन होतं, पाच होतं. "चाराचं बोटच न्हाई ह्यात. ह्या लोकांनी कधी बैल घेतला न्हाई," असं म्हणून शेवटी ते आकड्यांवर आले.

इंग्रजी मजकूर माझ्याकडे होता. पण रुमालाखाली दोनच हात जातात, तिसऱ्याचा जात नाही, हा नियम. म्हणून भाव सोडून बाकीचं मी लिहून द्यायचं, आणि भावाची वेळ आली की कडुनिंबाकडे तोंड करून उभं राहायचं. मी त्या झाडाचा बुंधा पुष्कळ बघितला आहे. भाव काय होता ते मला आजही माहीत नाही.

पहिला मजकूर त्यांनी सांगितला तो असा: "जयभीम. आपण सुखरूप असाल अशी आशा आहे. आपला लाल बैल पाहण्यात आला. विक्रीस आहे काय? असल्यास दात किती, स्वभाव कसा, कामाला घातला आहे काय व विकण्याचे कारण काय, ते कळवावे. आपल्याकडे पाऊसपाणी कसे आहे?"

पाऊसपाणी गाळू या का, असं मी विचारलं. "त्याशिवाय माणूस बोलंल कसा?" ते म्हणाले.

उत्तरात आधी नुसतं प्रश्नचिन्ह आलं. मग मोडक्या इंग्रजीत काही ओळी आल्या. बैल मीच काढला आहे. तोंड मिटलेलं आहे, दात माहीत नाहीत. इथे पाऊस खूप.

डॉक्टरसाहेब खूश झाले. "माणूस खरा हाय. दलाल असता तर चार दाती, म्हणजे ऐन उमेदीचा, म्हणला असता."

त्या अक्षरांच्या ओळीला हाक कशी मारायची हा प्रश्न होता. सुरुवात शून्याने होती, म्हणून त्यांनी त्याला शून्यराव म्हणायला सुरुवात केली. मी म्हटलं, बाईही असेल. "मंग शून्यबाई. पण बोलण्यावरून बैलवाला वाटतोय, आन् बैलवाला बाई का पुरुष, ते बैलाला विचारा." शून्यराव कुठल्या देशातले, हे आम्हाला कधी कळलं नाही. त्यांनीही डॉक्टरसाहेबांचं नाव विचारलं नाही. प्रत्येक मेसेज जयभीमने सुरू व्हायचा, म्हणून ते त्यांना 'मिस्टर जयभीम' म्हणू लागले. मी दुरुस्ती करायला निघालो तेव्हा डॉक्टरसाहेबांनी अडवलं. "राहू द्या. ह्यापेक्षा बरं नाव कोणतं देणार तुम्ही?"

त्या बाजारात चोरही होते. डॉक्टरसाहेबांना खाजगीत गोड गोड मेसेज यायचे. तुम्हाला बक्षीस लागलंय, इथे दाबा. वॉलेटमध्ये बिघाड आहे, तुमचे बारा शब्द पाठवा. प्रत्येक वॉलेटला बारा शब्दांची एक किल्ली असते, ती हरवली तर वॉलेट कुणालाही उघडता येत नाही आणि दुसऱ्याला कळली तर आपलं राहत नाही, हे जावयाने त्यांना बजावलं होतं. डॉक्टरसाहेब या चोरांना अतिशय आपुलकीने एकच प्रश्न पाठवायचे, "जिल्हा कोणता?" चोर गांगरायचे. काही पुन्हा बक्षिसाचं बोलायचे. पुन्हा तोच प्रश्न. एकाने फारच चिकाटीने बारा शब्द मागितले तेव्हा त्यांनी मला लिहायला लावलं, "लग्नाच्या बायकोला सांगितले नाहीत, तुम्हाला कसे सांगू? आधी जिल्हा सांगा." शून्यरावांनाही त्यांनी हा उपाय, मराठी शब्दांसकट, शिकवून ठेवला. ओळखपाळख नसलेला कुणी बोलायला आला की आधी जिल्हा विचारायचा.

इकडे काकूंचा संशय वाढत चालला होता. एकदा त्यांनी मला जिन्यातच गाठलं.

"भाऊ, खरं सांगा. रमी खेळून राहिलेत का हे?"

"नाही काकू."

"मंग रुमालाखाली काय करतेत? परवा मी रुमाल उचलला तर असे दचकले, जसं मी दुसऱ्याची बायको."

मी ग्रंथालयात शांतता राखण्यात आयुष्य घालवलेला माणूस. मी गप्प राहिलो.

"तुम्ही गप्प बसलात म्हणजे रमीच हाय," काकू म्हणाल्या.

भाव जवळजवळ जुळला, असं डॉक्टरसाहेबांच्या चेहऱ्यावरून दिसायला लागलं होतं. आणि मग त्यांनी सौदा अडवला. "चालवून न बघता बैल घ्यायचा म्हणजे काय? लिहा. कृपया बैल चालवून दाखवावा."

"डॉक्टरसाहेब, ते चित्र आहे."

"तुम्ही लिहा तर."

मी लिहिलं. बरेच दिवस उत्तर आलं नाही. शून्यराव कंटाळले, असं मला वाटलं आणि त्यात मला त्यांचा दोष दिसला नाही. मग एका दुपारी मेसेज आला आणि त्याबरोबर एक छोटीशी चित्रफीत. तो लाल बैल चालत होता. डावीकडून आला, उजवीकडे गेला. एका अनोळखी माणसाच्या हट्टासाठी शून्यरावांनी एक एक पाऊल काढून त्याला चालवला होता.

डॉक्टरसाहेबांनी ती फीत पुन्हा पुन्हा बघितली. मग चष्मा काढला.

"मागच्या डाव्या पायानं लंगडतोय."

"डॉक्टरसाहेब!"

"मी काय खोटं बोलून राहिलो? बघा की. तो पाय उशिरा उचलतोय. लिहा, बैल लंगडा आहे. खुरात काही रुतलं आहे का बघावे. आणि असा बैल मी घेणार नाही. आधी बरा करू, मग सौदा."

शून्यराव चिडले नाहीत. ते म्हणाले, मी बैल जवळून चालताना बघितलेला नाही, पाय कोणत्या क्रमाने पडतात ते सांगा. डॉक्टरसाहेबांनी तोंडी सांगितलं, मागचा डावा, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. मी लिहून पाठवलं. पुढच्या फितीत बैल तीन पायांवर बरा होता आणि चौथ्यावर आणखी बिघडला. पुन्हा सांगितलं. तिसऱ्या फितीत तो दारू प्यायल्यासारखा चालला.

"लिहून न्हाई समजत," डॉक्टरसाहेब म्हणाले. "करून दाखवावं लागंल. काकू कुठं गेल्यात?"

"महिला मंडळात."

"फोन धरा."

आणि निवृत्त पशुधन विकास अधिकारी अंगणात गुडघ्यांवर आणि हातांवर आले. रुमाल डोक्याला घट्ट बांधला होता. मी कॅमेरा सुरू केला. ते ओट्यापासून कडुनिंबापर्यंत संथ निघाले, वाटेत तोंडाने क्रम सांगत. गुडघे दुखत होते, उजव्यावर भार आला की कंबर जरा झोल खात होती. झाडापाशी वळून परत येताना ते थांबले आणि मान किंचित वळवून माझ्याकडे बघितलं. चित्रातल्यासारखंच. तेवढ्यात फाटक वाजलं.

काकू पिशवी घेऊन उभ्या होत्या. नवरा चौपायी, भाडेकरू चित्रीकरण करतोय.

काकूंनी आधी फाटक लावून घेतलं.

"काही हरवलंय का?" काकूंनी विचारलं.

"गुडघ्याचा व्यायाम हाय," डॉक्टरसाहेब खालूनच म्हणाले.

"आन् हे?" माझ्याकडे बोट.

"लायब्ररी नोंद ठेवून राहिलेत."

काकू आमच्यामधून चालत घरात गेल्या. दारात थांबून म्हणाल्या, "रमीच बरी होती."

ती फीत शून्यरावांकडे गेली, आणि तिकडून उत्तर यायच्या आत डॉक्टरसाहेबांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांनी स्वतःच अपचन ठरवलं आणि ढोरांना देतात ते पाचक चूर्ण ताकातून घेतलं. काकूंनी रिक्षा बोलावली. दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचं आहे, ठेवून घ्यावं लागेल. डॉक्टरसाहेबांनी त्यांना डोस विचारला, वजनाने भागून बघितला आणि मान डोलावली.

मी डबा घेऊन जायचो. एका संध्याकाळी काकू खाली औषधं आणायला गेल्या होत्या तेव्हा त्यांनी मला खूण केली. मेसेज आला होता, आणि बाजारातल्या चित्राच्या जागी शून्यरावांनी आता नवी फीतच लावली होती. बैल चालत होता. चारही पाय आपापल्या वेळेला पडत होते, मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. मधे थांबून तो मान वळवत होता. गुडघ्यांत थोडा कडक होता, आणि उजवीकडे भार आला की कंबरेत किंचित झोल होता. मी डॉक्टरसाहेबांकडे बघितलं. त्यांच्या ते लक्षात आलेलं दिसलं नाही.

"जरा वयाचा हाय," ते म्हणाले. "पण निरोगी हाय. रुमाल द्या."

रुमाल घरी होता. मी डब्याखालचा पंचा दिला. त्यांनी तो सलाइन लावलेल्या हातावर पसरला, मला खिडकीकडे तोंड करायला लावलं आणि आत बोटं चालवायला लागले. पाठीमागे सिस्टरचा आवाज आला.

"बाबा, हात बाहेर ठेवा. सुई निघंल."

"थांबा सिस्टर, सौदा चालू हाय."

"काय चालू हाय?"

"झालं," डॉक्टरसाहेब म्हणाले. मी वळलो तेव्हा ते उशीवर मागे टेकले होते. "लिहा. बैल पोचला. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे जुनं दावं मालकाकडे राहतं, ते तुम्ही ठेवून घ्या. आम्ही नवीन बांधू."

शून्यरावांनी विचारलं, कोणतं दावं? पण दोन दिवसांनी त्यांच्या ओळीखाली बाजारात एक नवीन चित्र दिसलं. गुंडाळून ठेवलेला एक दोर, आणि खाली लिहिलेलं, विकायचा नाही. "शिकला," डॉक्टरसाहेब म्हणाले.

घरी आल्यावर ते थोडेच दिवस होते. सकाळी मी कॉलेजला निघालो की ओट्यावरून हळूच विचारायचे, "जागेवर हाय का बघा." मी फोन बघून सांगायचो, आहे. "मालक कोण दाखवतंय?" तुम्ही. ते मान हलवायचे आणि समोरच्या रस्त्याने जाणाऱ्यांकडे अशा नजरेने बघायचे की कुणालाही वाटावं, घरामागे खरंच काही बांधलेलं आहे. काकूंना सांगून टाका, असं मी एकदा सुचवलं. "सांगतो," ते म्हणाले. "तिचा मुद्दा बिनतोड हाय, म्हणून जरा शब्द जुळवून राहिलो." ते जुळायच्या आत एका पहाटे झोपेतच गेले.

शून्यरावांना कळवायला हवं होतं. डॉक्टरसाहेबांचा फोन त्यांच्या अंगठ्याशिवाय उघडत नव्हता, आणि त्या बाजारात वॉलेटवालाच वॉलेटवाल्याशी बोलू शकतो. मी एक रिकामं वॉलेट काढलं. पुस्तकांपलीकडे काही जमवायचं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी लिहिलं, तुम्ही मला ओळखत नाही, मला तुमच्याशी एका बैलाबद्दल बोलायचं आहे.

उत्तर लगेच आलं. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. "जिल्हा कोणता?"

मी नांदेड असं लिहिलं आणि पुढचं लिहायला मला फार वेळ लागला. शून्यरावांनी बरंच काही विचारलं. त्रास झाला का, घरी कोण आहे. शेवटी त्यांनी विचारलं की बैलाकडे आता कोण बघतं.

डॉक्टरसाहेबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे गेले, लेक आणि जावई थांबले. दुपारी जावई मला म्हणाला, "बाबांच्या वॉलेटमध्ये एक चित्र आहे. चांगलं आहे, त्याला मागणी येतेय. विकता येईल. फक्त ते बारा शब्द सापडायला हवेत." त्याने कपाटाचं दार उघडलंच होतं.

"कसलं चित्र?" काकूंनी विचारलं. "रमीचं?"

आता माझ्या गप्प राहण्याला अर्थ नव्हता. मी सांगितलं. हाळीचा बाजार, रुमाल, लंगडणं, अंगणातला तो व्यायाम, दवाखान्यातला सौदा. काकू ऐकत होत्या. व्यायामापाशी त्यांनी तोंडाला पदर लावला, आणि त्या रडतायत असं समजून लेक जवळ गेली, तर त्या हसत होत्या.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

बघायला किल्ली लागत नाही, ते कुणालाही बघता येतं. मी माझ्या फोनवर लावून दिलं. बैल डावीकडून निघाला. थांबला, मान वळवली, पुढे गेला. काकूंचं हसू थांबलं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि बैल दुसऱ्यांदा जाईपर्यंत बघत राहिल्या.

"हे चालणं ह्यांचं हाय," त्या म्हणाल्या.

जावई दोन पिशव्या उपसून तिसऱ्या खणाकडे वळला होता. "आई, शब्द नाही सापडले तर ते तिथंच अडकून पडेल. कायमचं. बाबांच्याच नावावर."

"म्हणजे कुणी विकू शकणार न्हाई?"

"कुणीच नाही. मी नाही, तुम्ही नाही."

"आन् मरणार?"

जावयाने माझ्याकडे बघितलं.

"नाही काकू," मी म्हणालो. "मरणार नाही."

"म्हणजे ओढून न्यायला कुणाला बोलवायची पाळी न्हाई."

"आई, काय बोलतेस," लेक म्हणाली.

काकूंनी जावयाचा हात हळूच बाजूला केला, कपाटाचं दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोवली. मग फोन माझ्या हातात परत देताना त्या डॉक्टरसाहेबांच्या ओट्यावरच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाल्या, अगदी भांडायच्या सुरात, "असला बैल हाय म्हणून सांगितलं असतं तर मी कशाला न्हाई म्हणले असते हो?"